चाळीस मिनिटांचा गेम

“बंदूक झकास, पण गेम चाळीस मिनिटांत खलास! दहापैकी पाच,” मी परीक्षण मोठ्यानं वाचलं आणि लॅपटॉप आपटून बंद केला. तीन वर्षं एकटीनं खपून केलेला गेम ह्या लोकांनी धावत-पळत, गोळ्या झाडत, वरणभाताचा कुकर होईस्तोवर संपवला होता.

“मला तर चांगला मोठा वाटला,” पलीकडच्या टेबलावरून अण्णा म्हणाले. “अकरा दिवस झाले, अजून पहिल्याच खोलीत आहे मी.”

मी कपाळावर हात मारला. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून मीच त्यांना तो गेम लावून दिला होता. “अण्णा, दारापाशी तो गुंड झोपलाय ना, त्याला उडवा. की दार उघडलंच!”

“झोपलेल्या माणसाला कोण गोळी घालतं गं?” अण्णांनी चष्मा वर सरकवला. “आणि इथंच किती बघायचंय! भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईनं सिलिंडर लावल्याची तारीख लिहिलीय. तिचा तो लांब शेपटीचा तीनसुद्धा हुबेहूब काढलायस.”

आलेल्या साठ परीक्षणांपैकी एकातही त्या कॅलेंडरचं नाव नव्हतं. आईला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तो तीन काढायला मला अख्खी दुपार लागली होती. मी खुर्ची ओढून अण्णांशेजारी बसले.

“पुढच्या खोलीत नेऊ का तुम्हाला?” मी विचारलं.

“थांब, आधी तिचं फडताळ बघू दे,” अण्णा कुजबुजले. “आणि हळू बोल, तो उठेल.”