देखणेपणाला दहा

“मग ठरलं तर. सर्वानुमते,” प्रमुख म्हणाला आणि लॅपटॉपवर तसं टाइप करू लागला.

ताईंनी मान वर केली. “काय ठरलं?”

मीटिंगच्या खोलीत बारा माणसं होती. समोरच्या भिंतीवर नवा फाइल मॅनेजर झळकत होता. गोल कडांची फोल्डरं, रंगीत खुणा, माउस नुसता जवळ नेला की कळीसारखी उमलणारी चित्रं. सोमवारपासून कंपनीतल्या प्रत्येक प्रोग्रामरनं फाइली शोधायच्या, उघडायच्या, इकडच्या तिकडे करायच्या त्या यातूनच. जुने सगळे मशीनवरून काढून टाकणार होते.

“हाच घ्यायचा ठरलं, ताई. आत्ताच मत घेतलं ना.”

“कधी? मला तर मतबित काही ऐकू आलं नाही.”

“सगळ्यांनी हात वर…” बोलता बोलता प्रमुखाच्या लक्षात आलं. त्यानं घसा खाकरला. मघाशी तो तोंडानं काही बोललाच नव्हता. भिंतीकडे बोट दाखवून त्यानं नुसत्या भुवया उंचावल्या होत्या, आणि त्याच्यासकट अकरा हात वर गेले होते.

ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावरचं अक्षर न् अक्षर त्यांचं मशीन त्यांच्या कानात सांगायचं आणि बोटं कीबोर्डवर चालत राहायची. त्यांच्या जुन्या फाइल मॅनेजरमध्ये दोन कप्पे होते, एक डावा, एक उजवा. लेक माहेरच्या घरात फिरते तशा त्या त्यातून फिरायच्या, उंबरा कुठं नि कोनाडा कुठं हे पायांना ठाऊक असल्यासारख्या. कंपनीच्या सॉफ्टवेअरचं प्रत्येक नवं व्हर्जन त्यांच्याच हातून ग्राहकांकडे जायचं.

“मी मेल केली होती, सर. आठवडाभर वापरून पाहिला तुमचा हा प्रकार. एका फाइलचं नाव बोलेल तर शपथ! पहिली फाइल धरली, मशीन म्हणतं, ‘चित्र’. दुसरी धरली, ‘चित्र’. तिसरी, ‘चित्र’. आता ग्राहकाला काय चित्रं पाठवू?”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“तुमची नोंद घेतलीय ना, ताई. तक्त्यात आहे.”

“काय लिहिलंय? वाचा रे कुणीतरी.”

भिंतीवर तक्ता आला. शेजारच्या खुर्चीतला डेटाबेसवाला वाचू लागला. वाचता वाचता त्याचा आवाज खाली खाली गेला. “वेग, नऊ. शोध, आठ. देखणेपणा, दहा. अडचणी… एक. कंसात, किरकोळ.”

“किरकोळ,” ताई म्हणाल्या. शब्द जिभेवर ठेवून पाहावा तसं पुन्हा म्हणाल्या, “किरकोळ. देखणेपणाला दहा, आणि सोळा वर्षं इथं राबलेली बाई किरकोळ!”

“तसं नाही हो. मार्ग काढू ना. एकाला तुमच्या शेजारी बसवतो. तुम्ही फक्त सांगायचं, तो फाइल काढून देईल.”

“आणि घास? तोही भरवेल का?” ताईंचे दोन्ही तळवे टेबलावर सपाट टेकले. “माझं काम मला येतं, सर. येतंय ते हातातून काढून घ्यायचं आणि वर मदतीला माणूस द्यायचा. उपकार म्हणून! ही कुठली रीत?”

“पण एका माणसासाठी सगळ्यांनी थांबायचं का?”

“कुणी थांबा म्हणतंय? तुमचा तुम्ही लावा. माझा जुना राहू द्या, एवढंच.”

“तसं नाही चालत. सगळीकडे एकच हवा, मुद्दाच तो आहे.”

“बरं.” ताई खुर्चीत ताठ बसल्या. “मग मत तरी नीट घ्या. हात नकोत. तोंडानं सांगा, एकेकानं. हो की नाही. सोमवारपासून माझं काम कुणी कुणी काढून घेतलं, ते मला ऐकू दे.”

कुणी चष्मा पुसला, कुणी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

“बोला की. इतका वेळ तर कालवा चालला होता.”

“माझं मत, नाही.” डेटाबेसवाला बोलला.

प्रमुख चमकला. “नाही म्हणजे? अरे, मघाशी सगळ्यांच्या आधी तूच तर हात वर केलास!”

“केला होता, सर,” डेटाबेसवाला म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. “ताईंना दिसणार नाही, म्हणून केला होता.”