कड्यावरचं मैदान

टेबलावर नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप ठेवले होते. माणसं मात्र तीनच होती.

दार उघडून वहिनीने धाकट्या नणंदेला आत घेतलं, पण पॅसेजमध्येच थांबवलं.

"चिमे, मनात काही धरून आली असशील तर इथेच बोल. आत नको."

"तिघं दर बुधवारी जमतात आणि सहल ठरवतात. होऊन गेलेली सहल, वहिनी! वर माझ्या नवऱ्याच्या नावाचा चहाही ओततात."

"मग काय करू? पाहुणे वारले, असं किती वेळा सांगितलं तुझ्या भावाला. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. दुसऱ्या दिवशी कशासाठी रडत होतो ते विसरले, रडणं तेवढं राहिलं."

"आणि चेंडू कोणाचा होता, ते सांगितलं?"

वहिनीने आतल्या खोलीकडे पाहिलं.

"ते मी सांगणार आहे. एकदा तरी त्याने ऐकायला हवं."

ती आत गेली. दादाचा चेहरा उजळला. "अरे, चिमी! एकटीच? पाहुणे कुठे राहिले?"

लग्नापासून दादा मेव्हण्याला पाहुणे म्हणायचा. पुढे गोल्फच्या टोळीतही त्यांचं तेच नाव पडलं.

"येतील, येतील," टोळीतले दातांचे डॉक्टर घाईने म्हणाले.

चिमी चौथ्या खुर्चीवर बसली.

दादाने उभा जन्म पूल बांधण्यात घालवला होता. नकाशा समोर आला की त्याचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. ज्यांचे फोटो कॅलेंडरवर छापतात अशी समुद्रकाठची मैदानं तो बोटाने एकेक जोडत होता. आधी वाळूच्या टेकड्यांमधलं, मग दीपगृहाजवळचं, सगळ्यात शेवटी कड्यावरचं.

"कड्यावरचं शेवटाला. गोड शेवटीच खायचं असतं."

"जास्तीचे चेंडू घे रे बाबा," टोळीतला तिसरा, वकील, म्हणाला. "तिथे वारा फार."

"कशाला? माझा चेंडू आजवर हरवलेला नाही."

"हरवेल कसा? तू मारणार आणि पाय दुसऱ्याचे—" डॉक्टर हसता हसता थांबले आणि त्यांनी कप तोंडाला लावला.

ते खरंच होतं. दादाला लांबचं दिसत नसे. तो फटका मारायचा आणि पाहुणे कपाळावर हात धरून चेंडू कुठे पडतो ते बघायचे. चेंडू गेला तर दुसरा घ्यायचा, दंडाचा एक फटका मोजायचा आणि पुढे चालायचं, एवढा साधा नियम. पण दादाला ते हरल्यासारखं वाटे. "बघा ना पाहुणे, काठावरच असेल," तो म्हणायचा. पाहुण्यांनी जन्मात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. ते जायचे. गेल्या हिवाळ्यात कड्यावरच्या मैदानात ते तसेच गेले आणि ओल्या गवतावरून त्यांचा पाय सरकला.

दादाचं बोट आता कड्याशी आलं होतं.

"इथे वारा उजवीकडून. म्हणजे माझा चेंडू काठाकडे जाणार."

"मग?" चिमीने विचारलं.

डॉक्टर आणि वकील दोघांनी तिच्याकडे पाहिलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"मग काय? पाहुणे आहेत की."

चिमीने टेबलाची कड घट्ट धरली. "दादा, माझं ऐक. त्या दिवशी—"

"गवत ओलं होतं," दादा म्हणाला.

हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याचं बोट होतं तिथेच होतं, पण चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"चिमे, मी त्यांना म्हणालो होतो ना, राहू द्या म्हणून? गेला तर गेला चेंडू. असंच म्हणालो होतो ना मी?"

लहानपणी हातून काही फुटलं की तो असाच तिच्याकडे बघायचा. आईची पावलं वाजायच्या आत तिने पुढे व्हायचं, हे तेव्हापासून ठरलेलं होतं.

"हो दादा," ती म्हणाली. "म्हणाला होतास."

"मग त्यांनी ऐकलं का नाही?"

वहिनीने दाराच्या चौकटीला हात टेकला.

"ह्यांचा स्वभावच तसा. हट्टी. कोणाचं म्हणून ऐकत नसत."

दादाने सावकाश मान हलवली. छातीवरचं ओझं कोणी उचलून घ्यावं तसा त्याने श्वास सोडला.

"हट्टीच. पहिल्यापासून," तो म्हणाला आणि त्याचं बोट वाळूच्या टेकड्यांकडे परत गेलं. "तर मंडळी, इथून सुरुवात करू."

चिमीने कोपऱ्यावरचा चौथा कप उचलला. चहा पार गार झाला होता. ती तो पिऊ लागली. कप उचलताच नकाशाचा तो कोपरा गुंडाळत आला आणि कडा त्याखाली झाकला गेला.

कोणी तो पुन्हा सरळ केला नाही.