काळी पाच

नातीने मोबाइलवर एका पॉप गायिकेचं गाणं लावलं. "आजी, कसा आहे हिचा आवाज? खरं सांग हं, उगाच नाक मुरडू नकोस."

चाळीस वर्षं गाण्याच्या क्लासात तयार झालेल्या कानांनी मी ऐकलं. दम कमी पडत होता. पण खालचे सूर भरदार, त्यात किंचित खरखर. थेट माझ्या लेकीचा, वैजूचा आवाज!

क्लासातल्या सगळ्या मुलींसारखी मी तिलाही पेटीवरची काळी पाचचीच उंच पट्टी दिली होती. ताणून ताणून सोळाव्या वर्षी तिचा गळा गेला, गाणं सुटलं.

मी स्वयंपाकघरात गेले. "वैजू, चुकलं माझं. तुला खालची पट्टी द्यायला हवी होती."

कणीक मळणारे तिचे हात थांबले.

"आता कुठलीच नको, आई. हात भरलेत माझे, तेवढं पाणी घाल परातीत."