रीना आज हसली

चारच्या चहाला साहेब नक्कल करायचे. दिवसभरात खेड्यातला जो कोणी भंडाऱ्याच्या त्या ऑफिसात येऊन गेला असेल, त्याची. सगळा स्टाफ पोट धरून हसायचा. एकटी रीना हसायची नाही. म्हणूनच तिची दूर आडबाजूच्या नाकाडोंगरीला बदली होणार, हे आता शिपायालाही माहीत होतं.

"हासाले काय जाते मॅडम?" शेजारच्या टेबलावरचा संजीव सकाळी कुजबुजला होता. "मी बी खेड्यातलाच हावो. रोज हासतो."

आज साहेब जिन्यावरूनच कमरेत वाकून आले, धोतराचा सोगा धरल्यासारखा हात करून. "साहेब, प्यावाले पानी कोठी हाये जी?"

हशा पिकला. साहेबांची नजर रीनावर येऊन थांबली.

रीना हसली. सगळ्यांहून मोठ्यानं हसली. साहेबांनी खूश होऊन बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

तेवढ्यात शिपाई आला. "मॅडम, जिन्यापाशी तुमचे बाबा बसले आहेत."

कोंढ्याहून, गावाकडून आलेला तिचा बाप डोमा तिला पाहून बाकावरून उठला. धोतर सावरत त्यानं भाजीचा डबा तिच्या हातात दिला.

"तुमचे साहेब लय भले हायेत बाई. पान्याचा नळ त्यायनंच दाखवला मले." त्याचा चेहरा उजळला होता. "अन् तुहं हासनं इथवर आयकू आलं. घरी तं तू हासतच नाई आजकाल. आता जातो अन् तुह्या मायले सांगतो, पोरगी खुश हाये."