रखमाबाईंची फर्माईश

पापड केंद्राच्या वेबसाइटवर केंद्र चालवणाऱ्या चंद्रकलाबाईंनी रेडिओ थेट ऐकवणारी खिडकी बसवली होती. केंद्रात तेवढीच साइट उघडायची. परवाना रेडिओला आहे, केंद्राला नाही, असा कोर्टाचा निकाल लागला, आणि सगळ्यांच्या कानातल्या, परवाना तपासणाऱ्या चिपा गाणी अडवू लागल्या. निवेदिकेचं बोलणं तेवढं ऐकू येई.

"ही फर्माईश पाठवली आहे संगमनेरच्या रखमाबाई गुंजाळ यांनी!"

केंद्रात पापड लाटणाऱ्या रखमाबाईंचं नाव नऊ वर्षं पत्रं पाठवल्यावर पहिल्यांदाच रेडिओवर आलं होतं. त्यांच्या आईचं आवडतं गाणं. पण कानात नुसती शांतता.

"मीच म्हणते, बायांनो," म्हणत रखमाबाई गाऊ लागल्या. ओठ हलले, पण चिपांनी तेही अडवलं.

चंद्रकलाबाईंनी त्या ओठांकडे बघत गाण्याच्या ठेक्यात पोळपाटावर लाटणं आपटलं. मग केंद्रातल्या बाराही जणींची लाटणी त्याच ठेक्यात वाजू लागली. तो ठेका सगळ्यांना ऐकू येत होता.