उजेड कमी करायचा

दीक्षानं लेट्यूसचं एक पान चिमटीत धरून ललितला दाखवलं. कडेनं करपलेलं पान तिच्या बोटांतच चुरलं.

"डिमर बसवाच लागते, वयनी," ललित म्हणाला. दिव्यांच्या पट्ट्या त्यानंच बसवल्या होत्या. "पट्ट्या वरच्या फळीलेच ठोकेल हायेत. अजून वर सरकवाले जागा नाही. उजेड कमी केल्याशिवाय तुमचा भाजीपाला वाचत नाही."

अमरावतीच्या त्या घराची ही मागची खोली. खिडक्यांना काळं कापड, आत एसी, तिन्ही भिंतींना रॅक आणि प्रत्येक फळीवर जांभळ्या उजेडाच्या पट्ट्या. बाहेर एप्रिलची दुपार पेटलेली असताना दीक्षा इथे हॉटेलांसाठी कोवळा पाला वाढवत होती. तिचा नवरा स्वप्निल नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात. खोलीचं सगळं तिच्याच हातात होतं, फक्त दिवे सोडून. तिनं टायमरची वेळ कमी केली की सासरे ती पुन्हा वाढवत. रोपांवर हिरवी जाळी टाकली, तर संध्याकाळी ती घडी करून ओट्यावर ठेवलेली दिसली. स्वप्निल म्हणाला होता, "बाबाले सांगू नको. ते विहारात गेले की बसवून टाक." तसं चोरून करणं तिला जमलं नव्हतं.

सासरे, देवराव, दारात उभे होते. एसटीवर ड्रायव्हर म्हणून उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, अजूनही ताठ. डोळे मात्र लाल झालेले. रोज दुपारी ते या खोलीत येऊन बसायचे. तो उजेड दीक्षालाही फार वेळ सोसत नसे.

"डिमर नाही बसवाचा," ते म्हणाले.

"बाबा, दोन हॉटेलवाल्यांनी माल वापस केला. सगळं जळून रायलं. मी काय करू?"

"दुसरं काई कर. उजेड कमी करू नको."

"पण काहून? एकदा सांगा तरी मले."

देवरावांनी ललितकडे पाहिलं. ललित उगाच पिशवीत पक्कड शोधू लागला.

"इथं तुया सासूची खाट होती," देवराव म्हणाले. "उजेड तिच्या डोयाले लागे. म्हणून झिरोचा बल्ब ठेवत होतो. त्या दिवशी मी बाजूले बसून तिच्याशी बोलून रायलो होतो. भातकुलीच्या शेताचं, पोराच्या लग्नाचं. लय बोललो. ते मंधातच कवातरी गेली. मले समजलंच नाही. तोंडच दिसे ना तिचं."

ते थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तेव्हापासून उजेड जरासा अंधुक झाला की ते मले तिथंच दिसते. भिंतीकडे तोंड करून. भर उजेडात नाही दिसत."

दीक्षा या घरात आली ती इंदूबाई गेल्यावर. सासूला तिनं फक्त फोटोत पाहिलं होतं. ज्या भिंतीकडे देवराव बघत होते तिथे तिचा मधला रॅक होता. दीक्षा त्या रॅकपासून एक पाऊल मागे सरली.

"राहू द्या, ललितभाऊ," ती म्हणाली. "सामान भरा. मी हे बंदच करतो. उद्या रॅक काढून टाकू."

ती ट्रे उचलू लागली. जळलेली पानं तोडून बादलीत टाकू लागली. कुणावर रागावली नव्हती. पण हात भराभर चालत होते, आणि एका ट्रेमधली चांगली रोपंही तिनं मुळासकट उपटली. देवराव बघत राहिले.

"थांब," ते म्हणाले. "बसव, ललित."

"बाबा, नको."

"बसव म्हणतो ना."

ललितनं मेन बंद केला, वायर जोडल्या, दाराजवळच्या भिंतीवर गोल बटनाची डबी बसवली. दिवे पुन्हा लागले. बटनाला हात मात्र लावला नाही. वहिनीकडे बघून तो बाजूला झाला.

दीक्षानं बटन हळूहळू फिरवलं. खोली आधी नुसती सौम्य झाली. मग फळ्यांच्या सावल्या भिंतीवर उतरल्या, कोपरे भरले. देवरावांनी रॅकची दांडी घट्ट धरली. तिनं हात थांबवला.

"बस झालं, बाबा? पाल्याले एवढं पुरते."

"अजून थोडा कमी."

तिनं फिरवलं.

"अजून."

आता पानांचा रंग कळत नव्हता. एसीचा आवाज तेवढा येत होता. देवरावांनी दांडी सोडली, पुढे गेले, मधल्या रॅकपाशी गुडघे टेकून बसले. खालच्या फळीच्या अंधारात चेहरा नेऊन कितीतरी वेळ काही निरखत राहिले. दीक्षाला वाटलं, आपण श्वास घेतला तरी ऐकू जाईल. तिथे काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं तिकडे नीट पाहिलं नाही.

अखेर ते उठले. तिच्याजवळ आले. चेहऱ्यावर भीती नव्हती.

बटन वाढवायला तिनं हात पुढे केला, तसा त्यांनी तिचा हात अलगद धरला.

"आताच नको वाढवू," ते कुजबुजले. "आताच डोया लागला तिचा."

तिघंही खोलीबाहेर आले. दार ओढून घेताना कडी वाजू नये म्हणून दीक्षानं ती बोटानं धरली. ललितनं चपला पायात घातल्या नाहीत. हातात घेऊन तो अंगण ओलांडून गेला.