कोंबडी

किंजल जैनांची, दिवस मावळल्यावर काही खायची नाही. "कोंबडीसारखी अंधार पडायच्या आत दाणे टिपते," म्हणत वर्गातल्या योगितानेच तिचं नाव 'कोंबडी' पाडलं होतं. आता अख्खी दहावी तिला तसंच हाक मारायची.

तोरणमाळच्या सहलीत स्वयंपाकाला उशीर झाला. ताटं वाढेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला. "मला भूक नाही," म्हणत किंजलने ताट बाजूला सरकवलं.

योगिताने ते उचललं. "ऊठ वं. टेकडीवर आजून ऊन शे."

धापा टाकत दोघी वर पोचल्या. उन्हात बसून किंजलने पहिला घास घेतला आणि खाली पाहिलं, तर सगळा वर्ग ताटं सांभाळत टेकडी चढत होता.

बुडत्या सूर्याकडे बोट करत योगिता वरून ओरडली, "पाय उचला रे कोंबड्यांनो. दिवस बुडी ऱ्हायना."